जिथे तापमान लिहिलंय तिथे भरती वाचा: बासची पुस्तकं आणि ठाण्याची खाडी

लूर, म्हणजे नकली आमिष, वापरून गळ टाकायला शिकायचं असेल तर बास या अमेरिकी माशावरच्या इंग्रजी पुस्तकांना टाळून पुढे जाता येत नाही. रॉड कसा निवडावा, लाइन किती जाड घ्यावी, पाण्यात मासा नेमका कुठे उभा असतो, लूर कसा ओढावा, यावर जितकं बारीक लिखाण या एका माशावर झालंय तितकं आपल्याकडच्या कुठल्याही माशावर झालेलं नाही. अडचण पुढे येते. पुस्तक वाचून माणूस ठाण्याच्या खाडीवर, गायमुखला किंवा बेलापूरला जातो, सांगितलंय तसं पहाटे उठून उथळ पाण्यात लूर टाकतो आणि चार तासांनी चिखलाचे बूट घेऊन परत येतो. पुस्तक खोटं नसतं. ते थांबलेल्या पाण्यासाठी लिहिलेलं असतं आणि आपलं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं.

म्हणून ही पुस्तकं कुठली घ्यावीत याइतकंच त्यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं हे महत्त्वाचं. किल्ली एकच आहे: पुस्तकात जिथे जिथे पाण्याचं तापमान आणि ऋतू आलाय, तिथे भरती-ओहोटी घालून वाचायचं. बाकीचं बरंचसं जसंच्या तसं चालतं.

दोन मासे, एकच चाल

पुस्तकातला मासा म्हणजे लार्जमाउथ बास, उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा. आपल्या खाडीत त्याची जागा घेतो तो जिताडा. शास्त्रीय नाव लॅटिस कॅल्कॅरिफर. बंगालमध्ये भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामंडी. इंग्रजीत त्याला एशियन सी बास म्हणतात खरं, पण दोघांची कुळं वेगळी. नात्यावर जाऊ नका, सवयींवर जा. दोघांचाही जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेला. दोघंही पाठलाग करून दमत नाहीत. आडोशाला, सावलीत, प्रवाहाच्या कडेला उभे राहतात आणि भक्ष्य टप्प्यात आलं की तोंड झटक्यात उघडून पाण्यासकट आत ओढून घेतात. त्यामुळे "मासा कुठे दबा धरतो" आणि "लूर त्याच्या समोरून कसा न्यावा" ही दोन प्रकरणं बासच्या कुठल्याही चांगल्या पुस्तकातून थेट उचलावीत.

फरक आकारात आहे, आणि तो सामानाच्या प्रकरणात चटका देतो. लार्जमाउथ बासचा विक्रम 22 पौंड 4 औंस, म्हणजे जेमतेम 10 किलो. 1932 साली जॉर्जिया राज्यात धरलेला तो मासा, आणि 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. बॅरामंडीचा विक्रम 44 किलोंच्या वर आहे. आपल्या खाडीत एवढा मासा लागणार नाही हे खरं, पण पाच-सात किलोंचा जिताडा ही काही दंतकथा नव्हे. पुस्तक ज्याला जड सामान म्हणतं ते इथे मध्यम समजायचं.

कोणती पुस्तकं, आणि कशासाठी

जेम्स हेनशॉल यांचं 'बुक ऑफ द ब्लॅक बास' 1881 चं. लेखक पेशाने डॉक्टर. पहिला भाग माशाच्या शरीराचा आणि जीवनक्रमाचा, दुसरा सामानाचा, तिसरा प्रत्यक्ष गळ टाकण्याचा. हक्क केव्हाच संपल्यामुळे इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतं. सामानाचा भाग आज वस्तुसंग्रहालयात शोभेल असा आहे, तो चाळला तरी पुरे. पण नवशिक्याने पहिलं पुस्तक म्हणून हे घेऊ नये. त्यासाठी इन-फिशरमन मासिकाच्या मंडळींचं 'लार्जमाउथ बास' हे हँडबुक जास्त कामाचं. त्यांचं सूत्र साधं आहे: मासा, जागा आणि मांडणी, तिन्ही जमलं तरच यश. मांडणी म्हणजे लूर कोणता, किती खोल, किती वेगात. मासा लागला नाही की बहुतेक जण लूर बदलत बसतात. या सूत्राने विचार केला तर आधी जागा बदलायला हवी होती हे लक्षात येतं.

बक पेरी यांचं 'स्पूनप्लगिंग' हे वाचायला रूक्ष, पण डोकं बदलणारं पुस्तक आहे. माणसाच्या हातात दोनच गोष्टी असतात, लूरची खोली आणि लूरचा वेग, हा त्यांचा धोशा. मासा खोल पाण्यातून उथळात येतो तो वाट्टेल तिथून येत नाही, तळाच्या चढ-उतारांच्या कडेकडेने येतो, हा दुसरा. खाडीसाठी एवढं एकच पुस्तक विकत घ्यायचं ठरवलं तर हेच घ्यावं.

कीथ जोन्स यांचं 'नोइंग बास' 2002 मधलं. आमिष बनवणाऱ्या कंपनीत माशांच्या इंद्रियांवर काम केलेल्या शास्त्रज्ञाचं. मासा काय बघतो, काय हुंगतो, अंगावरच्या रेषेतून पाण्याची थरथर कशी ओळखतो, हे त्यात प्रयोगांच्या आधाराने येतं. आपल्या गढूळ पाण्यात रंगाच्या चर्चेपेक्षा थरथरीचं प्रकरण शंभर पटीने कामाचं आहे. हातभर खाली काही दिसत नाही अशा पाण्यात बारा रंगांचे लूर बाळगण्यात अर्थ नाही. एक गडद, एक पिवळट-हिरवा, एक सोनेरी चकाकणारा, आणि तिन्हींची शेपटी रुंद, पाण्यात धपधप आपटणारी. पुरे.

गाठींसाठी जेफ विल्सन यांचं गाठी आणि जोडण्यांवरचं सचित्र पुस्तक. लेखक ऑस्ट्रेलियाचा, त्यामुळे खाऱ्या पाण्याचं भान त्यात आहे. अमेरिकी बासच्या पुस्तकांत नेमकं हेच नसतं.

आपल्या देशातलं जुनं म्हणजे एच. एस. थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया', पहिली आवृत्ती 1873 ची. मद्रास इलाख्यात नोकरीला असलेला हा साहेब पश्चिम किनाऱ्याच्या नद्यांत गळ टाकत असे. पुस्तकाचा मोठा भाग महसीर या नदीतल्या माशाला दिलाय, तरी नदी समुद्राला मिळते त्या टापूबद्दलही वाचायला मिळतं. हेही फुकट उपलब्ध आहे. आणि पावसाळ्यात गळ टांगून ठेवल्यावर नुसतं गंमत म्हणून वाचायचं तर मॉन्टी बर्क यांचं 'साउबेली'. विक्रमी बासच्या मागे आयुष्य उधळणाऱ्या माणसांचं. शिकण्यासारखं त्यात फार नाही, हसण्यासारखं आहे.

वाचताना शेजारी एक चिठ्ठी ठेवा, कारण मापं सगळी परकी. 1 औंस म्हणजे 28 ग्रॅम, तेव्हा 3/8 औंसाचा लूर साधारण 10 ग्रॅमचा. 1 पौंड म्हणजे 454 ग्रॅम. 7 फुटी रॉड 2.13 मीटरचा. फॅरनहाइटमधून 32 वजा करून पाचाने गुणा, नवाने भागा.

सरळ सोडून द्यायची प्रकरणं

बासच्या पुस्तकाचा तिसरा हिस्सा तरी वसंत ऋतूने खाल्लेला असतो. तिथे पाणी 60 ते 65 फॅरनहाइटला, म्हणजे 16 ते 18 सेल्सियसला, पोहोचलं की बासचा नर उथळ तळात घरटं करतो आणि अंड्यांची राखण करतो. घरट्यावरचा मासा कसा चिडवावा याची पानंच्या पानं असतात. आपली खाडी इतकी थंड होतच नाही, आणि जिताडा घरटंही करत नाही. तो पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी, खारेपणा असलेल्या पाण्यात अंडी सोडतो. पिल्लं भरतीबरोबर आत येतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात शेततळ्यांत जिताडा सोडून वाढवण्याची जुनी रीत आहे ती याच पिल्लांच्या जोरावर.

तसंच उन्हाळ्यात तळ्याच्या पाण्याचे गरम-गार थर पडतात ते प्रकरण. खोल, निवांत सरोवरात ते खरं असतं. आपल्याकडे भरती-ओहोटी सगळं ढवळून टाकते. थंडीच्या प्रकरणातून डिसेंबर-जानेवारीसाठी एकच गोष्ट उचला: पाणी गार झालं की जिताडा सुस्तावतो, तेव्हा लूर नेहमीच्या निम्म्या वेगाने ओढा आणि मध्ये मध्ये तळाला टेकू द्या.

कर्जत-बदलापूर भागातल्या पैसे देऊन गळ टाकायच्या तळ्यांवर जाणार असाल तर गोष्ट वेगळी. ते थांबलेलं पाणी आहे. तिथे पुस्तकातलं पहाट, संध्याकाळ, सावली आणि वारा कुठल्या काठावर लागतो याचं गणित बरंचसं लागू पडतं.

तापमानाच्या जागी भरती

पुस्तकात तापमान काय काम करतं ते आधी समजून घेऊ. ते मासा कुठे असेल आणि खायच्या मूडमध्ये असेल का, हे सांगतं. खाडीत हेच काम पाण्याची पातळी आणि प्रवाह करतात.

भरतीला पाणी तिवरांत, खाजणात, मिळेल तिथे शिरतं. त्याबरोबर बोय, कोळंबी, बारीकसारीक पिल्लं आत जातात आणि त्यांच्यामागे जिताडाही. पाणी टिपेला असताना मासा कित्येक हेक्टर झाडीत विखुरलेला असतो, गळ पोहोचतच नाही. पुस्तक म्हणतं त्याप्रमाणे तो उथळ आडोशालाच आहे, फक्त आडोसा फार मोठा झालाय. ओहोटी लागली की हे सगळं भक्ष्य ओहोळांतून बाहेर पडायला लागतं, आणि ओहोळ जिथे मुख्य पात्राला मिळतो तिथे जिताडा तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो. म्हणून कामाची वेळ म्हणजे ओहोटीचे शेवटचे दोन तास आणि भरती लागल्यानंतरचा पहिला तास.

ही वेळ काढायला ॲप लागतं असं नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, सव्वानऊला. मग उभं राहायचं सव्वासात ते सव्वादहा. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना तिथी 15 धरायची: सव्वाअकराला भरती, साडेपाचला ओहोटी, म्हणजे वेळ साडेतीन ते साडेसहा. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय भरतीचा तक्ता मुंबई बंदराचा असेल तर ठाण्याच्या टोकाला पाणी त्याहून उशिरा पोहोचतं. ओहोटी संपली का हे शेवटी पाण्यावर तरंगणाऱ्या थर्माकोलच्या तुकड्याकडे बघूनच ठरवायचं. तो थांबला की पाणी थांबलं.

उधाण आणि भांग यांचा फरक पुस्तकात कुठेच मिळणार नाही. उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटरने खालीवर होतं, भांगाला दीड-दोन मीटरने. उधाणाचा खरा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी असतो. हा चढ-उतार सहा तासांत सारखा वाटला जात नाही. बारा वाटे करा: पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन, एक. चार मीटरच्या उधाणाला मधल्या दोन तासांत प्रत्येकी एक मीटर पाणी सरकतं. त्या वेळात 10 ग्रॅमचा लूर तळाला पोहोचतच नाही, प्रवाहात वरच्या वर वाहून जातो आणि माणसाला वाटतं मासा नाही. अष्टमीच्या आसपास उलटं होतं. पाणी जरा नितळ, पण इतकं आळशी की ओहोळ नीट रिकामे होत नाहीत, मासा एका जागी जमत नाही. तृतीया ते षष्ठी हा पट्टा आमच्या मते सर्वांत बरा: ओढ आहे पण सुसाट नाही, आणि ओहोटी सकाळी येते.

महिने म्हणाल तर मार्च ते मे आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर. ऐन पावसात खाडीचं पाणी गोडं आणि लालसर होतं, कचरा वाहून येतो, दर दुसऱ्या फेकीला गळाला पिशवी लागते.

अमेरिकेत सोनार, आपल्याकडे ओहोटी

बासची पुस्तकं तळाच्या रचनेवर खूप लिहितात: कडा, उतार, बुडालेली झाडं, जुन्या ओढ्याची पात्रं. तिथे हे पाण्याखाली असतं, त्यामुळे बोटीवर सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ दाखवणारं यंत्र, लावून शोधावं लागतं. आपल्याला ओहोटी हे सगळं फुकट उघडं करून दाखवते. पुनवेच्या किंवा अवसेच्या दुसऱ्या दिवशी, पाणी अगदी तळाला असताना, रॉड घरी ठेवून नुसतं बघायला जा. जेट्टीच्या टोकावरून मोबाइलवर फोटो काढा आणि मागे एखादी न हलणारी खूण येऊ द्या, विजेचा मनोरा, पुलाचा खांब, काहीही. चार गोष्टी टिपायच्या. चिखलाचा सपाट भाग संपून पात्र एकदम खाली उतरतं ती कड. छोटा ओहोळ मोठ्याला मिळतो तो कोपरा. पुलाच्या किंवा जेट्टीच्या खांबांमागे प्रवाहाने खणलेला खड्डा. आणि उघाडी.

उघाडीजवळ थोडं थांबू. खारजमिनीच्या बांधात पाणी सोडायला जी दारं असतात ती. नवी मुंबईत याचंच मोठं रूप आहे. शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने पावसाचं पाणी आधी होल्डिंग पॉन्डमध्ये साठतं आणि खाडीकडच्या झडपांतून बाहेर जातं. भरतीला बाहेरचा दाब झडप मिटवतो, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून उघडतं. झडप उघडल्यावर पहिल्या पाऊण तासात पाण्याबरोबर आतली बोयची पिल्लं आणि कोळंबी बाहेर फेकली जाते. जिताडा थेट धारेत उभा राहत नाही, दमेल. तो धारेच्या दोन्ही बाजूंना, जिथे पाणी उलटं फिरतं, तिथे असतो. लूर धारेच्या पलीकडे टाकायचा, धारेतून वाहत येऊ द्यायचा आणि त्या उलट्या पाण्याच्या कडेवर क्षणभर थांबवायचा. वाहत्या ओढ्यातल्या बासवरचं प्रकरण पुस्तकात असेल तर त्यात हीच आकृती सापडेल. मात्र सुटणारं पाणी काळं आणि वास मारणारं असेल तर पुढची उघाडी गाठा. त्यात प्राणवायू नसतो, मासाही नसतो. आणि झडपेच्या कठड्यावर, दारांवर चढायचं नाही, शेवाळाने पाय गेला तर धार थेट खाली ओढते.

जागेबाबत आणखी एक. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला खाडीचा पट्टा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात येतो. 2015 मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य 2022 पासून रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, भाग आहे. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय गळ टाकायचा नाही. तिवरांच्या फांद्या तोडून वाट करणं हा कुठेही गुन्हाच. बाकी ठिकाणी, दिवाळे असो की कोलशेत, गावच्या कोळी मंडळींना विचारून उभं राहावं. डोल लागली असेल तिच्या आसपास लूर टाकू नये. त्यांचं जाळं फाटलं तर तुमची हौस आणि त्यांची रोजी. शिवाय "काका, जिताडा कुठल्या तोंडाला लागतोय सध्या?" या एका प्रश्नाला जे उत्तर मिळेल ते कुठल्याही हँडबुकात नाही.

सामान: पुस्तकात एक पायरी वाढवा

बाससाठी पुस्तक 12 ते 17 पौंडांचा ताण सोसणारी लाइन थेट लूरला बांधायला सांगतं. इथे ती दोन कारणांनी तुटते. जिताड्याचे दात कानशीसारखे खरखरीत असतात आणि कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी. उडी मारून डोकं झटकताना तीच लाइनवर घासते. दुसरं, तिवरांची मुळं आणि खांबांवरच्या कालवांच्या धारा. म्हणून मुख्य लाइन 30 पौंडांची ब्रेडेड, म्हणजे विणलेली, तिच्यापुढे लीडर, म्हणजे लूरकडचा जाड एकेरी तुकडा, 40 ते 60 पौंडांचा, मोनो (नायलॉन) किंवा फ्लुरोकार्बनचा, मीटरभर. प्रत्येक मासा किंवा अडकणं झालं की लीडरच्या शेवटच्या वीतभर भागावरून बोटं फिरवा. खरखरीत लागलं तर तेवढा कापा आणि नव्याने बांधा.

रॉड 7 फुटी, मध्यम-जड, टोक लवचीक पण बुंधा ताठ. रीळ 3000 ते 4000 आकाराचं. ड्रॅग, म्हणजे मासा किती जोराने ओढल्यावर रीळ लाइन सोडेल तो ताण, लाइनच्या ताकदीच्या चौथा हिस्सा. 30 पौंड म्हणजे साडेतेरा किलो, तेव्हा ड्रॅग साधारण सव्वातीन किलो. हाताने ओढून अंदाज घेतला की तो हमखास चुकतो. प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा लाइनला बांधा, रॉड वाकवून धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा. आकडा सव्वातीनला आला की रीळ फिरायला हवं.

ब्रेडेड आणि लीडर जोडायला नवशिक्याने डबल युनी गाठ बांधावी. दोन टोकं वीस-पंचवीस सेंटिमीटर एकमेकांवर घ्या. ब्रेडेडचा फास करून दोन्ही दोऱ्यांभोवती 8 वेढे, मग दुसऱ्या बाजूने लीडरचे 4. थुंकीने ओलं करून दोन्ही गाठी हळू आवळा आणि शेवटी एकमेकींवर सरकवा. ब्रेडेड गुळगुळीत असते. 4-5 वेढ्यांवर भागवलं तर ती सरकते आणि गाठ शेपटीसारखी सुटून येते. कोरडी आवळली तर घर्षणाने लीडर पांढरट पडतो, तिथेच पुढे तुटतो. लूरला मात्र न सरकणाऱ्या फासाची गाठ, सेंटिमीटरभर फास मोकळा ठेवून. जाड लीडर घट्ट बांधला तर लूर आखडतो.

विकतच्या बासच्या लूरवरचे तीन टोकांचे गळ गोड्या पाण्याच्या हिशेबाने बारीक तारेचे असतात. जिताडा ते सरळ करून जातो. दुकानातच त्याच आकाराचे जाड तारेचे, खाऱ्या पाण्याचे गळ आणि कड्या घेऊन बदलून टाका. वजन वाढल्याने तरंगता लूर बुडू लागला तर गळ एक आकडा लहान घ्या.

टेक्सास रिग: बासवाल्यांची सर्वांत मोठी देणगी

तिवरांच्या मुळांत उघडा गळ टाकला की तो अडकणारच. बासवाल्यांनी पाणवनस्पतींसाठी काढलेली युक्ती इथे सर्वांत छान चालते. गळाचं टोक रबरी माशाच्या अंगातच लपवायचं.

लागतं एवढंच: 10 सेंटिमीटरचा रुंद शेपटीचा रबरी मासा, जाड तारेचा, 5/0 मापाचा, रुंद वाकाचा गळ, 10 ते 20 ग्रॅमचं बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं आणि ते रोखायला रबरी खिळी. आधी शिसं लीडरमध्ये ओवा, टोकदार बाजू रॉडकडे. मग गळ बांधा. गळाचं टोक रबरी माशाच्या नाकात बरोबर मधोमध 5-6 मिलिमीटर आत घालून पोटाकडून बाहेर काढा. गळ पूर्ण ओढून घ्या, त्याचा डोळा, म्हणजे लाइन बांधायचं भोक, नाकात रुतेपर्यंत. आता गळ अर्धा फिरवा आणि मासा सरळ लोंबकळत ठेवून गळाचा वाक पोटाला कुठे टेकतो ते नखाने खूण करा. त्या खुणेतून टोक घुसवून पाठीतून बाहेर काढा आणि पाठीच्या रबरात केसभर परत रुतवा. शेवटी खिळीने शिसं नाकाला चिकटवा.

चुका ठरलेल्या. खूण न करता अंदाजाने टोचलं की मासा कुबडा बसतो. कुबडा लूर पाण्यात गरागरा फिरतो आणि लाइनला पीळ पडतो. हातात धरून वरून बघा, नाकापासून शेपटीपर्यंत रेषा सरळ हवी. खिळी लावली नाही तर शिसं मुळाच्या एका बाजूला आणि मासा दुसऱ्या बाजूला पडतो. टोक रबरात फार खोल राहिलं तर मासा तोंडात घेऊन सोडून देतो, गळ बसतच नाही. आणि शिसं. प्रवाहात लूर तळाला टेकल्याचा टक् असा धक्का रॉडच्या टोकाला जाणवला पाहिजे. पाच-सहा सेकंदांत जाणवला नाही तर वजन वाढवा. एकदा टेकला की रॉड फूटभर उचला, लाइन गुंडाळत खाली सोडा, दोन सेकंद थांबा. जिताडा बहुतेक वेळा लूर खाली पडत असतानाच घेतो. ठक्क असा एकच आघात येतो, कुरतडणं नसतं. कुरतडत असेल तर शिंगाळी किंवा चिंबोरी समजा.

घेतला की रॉड आडवा झटका, उभा नाही. जिताडा उडी मारणारच. उडीच्या वेळी रॉडचं टोक पाण्याकडे झुकवायचं, लाइन तंग पण ताठ नाही. हे बासच्या पुस्तकातही असंच आहे.

मासा हातात आल्यावर

पुस्तकातल्या फोटोत बास खालच्या जबड्यात अंगठा घालून एका हातात उभा लटकवलेला असतो. किलो-दीड किलोच्या माशाला ते चालतं. पाच किलोंच्या जिताड्याला असं लटकवलं तर त्याचा जबडा आणि मणका दुखावतो, आणि त्याने झटका दिला तर कल्ल्याची कड तुमच्या मनगटावर येते. कल्ल्यात बोटं तर कधीच नाही. जाळी वापरा, ओल्या हाताने दुसरा हात पोटाखाली द्या, पक्कडीने गळ काढा.

मोठा जिताडा सोडून देण्याला बासच्या पुस्तकात नसलेलं एक कारण आहे. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. साधारण 80 सेंटिमीटरच्या पुढचे बहुतेक सगळे मादीच. म्हणजे मोठे मोठे उचलले की खाडीतल्या अंडी देणाऱ्या माद्याच नेमक्या जातात. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून शेपटीच्या बुडाला सैल धरा. मागेपुढे घुसळू नका, कल्ल्यांत उलटं पाणी जातं. तो स्वतः शेपटी मारून सुटेल तेव्हा सोडा.

खायचा असेल तर ठाण्याच्या आतल्या टोकाचा आणि औद्योगिक पट्ट्यालगतचा मासा टाळलेला बरा, तिथल्या पाण्यात वर्षानुवर्षं काय काय सोडलं गेलंय ते सर्वांना ठाऊक आहे. कालवणासाठी जिताडा बाजारात शेततळ्याचा मिळतो. घरी आल्यावर रीळ आणि लूर गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, जोरदार नळाखाली नाही, कारण दाबाने खारं पाणी आतल्या बेअरिंगमध्ये जातं. धुताना ड्रॅग घट्ट ठेवा, वाळल्यावर सैल करा. वापरलेले लूर ओले असताना बाकीच्यांच्या डब्यात टाकू नका, एकाचा गंज आठवड्याभरात सगळ्यांना लागतो.